वकिलातीत नेलेला पिठलं-भात

१९९३चा ऑगस्ट. बातम्यांत सांगितलं, बेल्जियमचे राजे वारले, आपल्या ब्रिटिश सरकारनं शोकसंदेश पाठवला. आई टीव्हीकडे बघत म्हणाली, "नुसता कागद? शेजारी ना आपण?"

"अगं, मध्ये समुद्र आहे."

"मग काय झालं? पलीकडे पहिलं घर त्यांचंच." आणि बेसन काढायला उठली. माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, पिठलं-भात शेजाऱ्यांनी न्यायचा. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा आमच्या वॉटफर्डच्या गल्लीतून ढीगभर कार्डं आली, जेवण कुणाकडूनच नाही. शेजारची मार्गारेट तर कार्ड दारातून सरकवून पळाली. त्या संध्याकाळी आईनंच कुकर लावला. "त्यांच्या लंडनच्या वकिलातीत डबा नेऊ. त्यांच्यातल्या एकानं तरी दोन घास खाल्ल्याशिवाय मी परत यायची नाही," ती आता म्हणाली. मी वैतागून ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं.

तुम्ही जाणार असाल तर साडेनऊनंतर निघा, ट्रॅव्हलकार्ड स्वस्त पडतं. लंडनला यूस्टन स्टेशनात उतरून भुयारी रेल्वे, म्हणजे ट्यूब, तिची व्हिक्टोरिया लाइन. डबा मात्र घट्ट झाकणाचा घ्या. हिंगाच्या वासानं अख्खी ट्यूब माझ्याकडे बघत होती.

वकिलातीत शोकपुस्तकात सही करायला काळ्या सुटांची रांग. सिक्युरिटीवाल्यानं डबा उघडायला लावला आणि एक पाऊल मागे सरकला. "सॉरी मॅडम, फूड आत नेता येणार नाही."

"त्याला विचार," आई मला म्हणाली, "आज यांच्यात कुणी जेवलंय का." मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण विचारलं.

पुस्तकापाशी उभा असलेला म्हातारा अधिकारी हळूच म्हणाला, "मी नाही. सकाळपासून."

आईनं त्याला बाही धरून खुर्चीत बसवलं. चमचा तिनं आणलाच होता. तो खाता खाता रडला; मिरचीमुळे की राजामुळे, ते मी विचारलं नाही. तोवर सिक्युरिटीवाल्यानं रांग थोपवून धरली.

आई न बोलता उठली. अशा घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी तोंडातून "सी यू सून" गेलंच. यूस्टनपर्यंत बोलणी खाल्ली.

घरी मार्गारेट कुंपणापाशी होती. आईनं लांबूनच तिला सगळं सांगितलं, आपल्या इंग्लिशमध्ये: "पर्सन डेड, नो कुकिंग. नेबर ब्रिंग. गोइंग टाइम, नो बाय-बाय." मार्गारेटचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली.

बऱ्याच वर्षांनी आई गेली. तिला पोचवून आम्ही परतलो तर दारात मार्गारेट, एका हातात काठी, दुसऱ्यात झाकलेली, ओव्हनमधून नुकतीच काढलेली पोटॅटो पाय. मी दोन घास खाईपर्यंत ती समोर बसून राहिली. मग उठली आणि काही न बोलता निघून गेली.