भेव गुरुजी आणि टोल्याची वाट

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली. आरशात तर रोजच पाहते. पण आमच्या चौथीच्या गुरुजींची सर कुणाला नाही. त्यांना पालीचं भय, कुत्र्याचं भय, विहिरीच्या काठाचं भय, विजेच्या बटणाचं भय. पहिल्यांदा वर्गावर आले तेव्हा फळ्याच्या वर एक लठ्ठ पाल बसली होती. गुरुजी दारातच थबकले आणि म्हणाले, "मले भेव लागते बाप्पा. चला, आज बाहेर बसू." आम्ही एकमेकांची तोंडं पाहत राहिलो. गुरुजीला पोरांनी भ्यायचं असतं, एवढंच तोवर आम्हाला ठाऊक. गुरुजीच भितात आणि वर तसं सांगतात, हा प्रकार नवा होता. दुपारच्या सुटीपर्यंत त्यांचं नाव 'भेव गुरुजी' पडलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "बरोबर ठेवलं."

दोन हजार साल उलटून एखाद-दुसरं वर्ष झालं असेल. आमची शाळा दरेकसा स्टेशनापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, जंगलाला लागून. गुरुजी राहायचे गोंदियाजवळ कुडव्याला. बाकीचे शिक्षक मोटारसायकलवर येत आणि उन्हं जरा कलली की किक मारून पसार होत. भेव गुरुजींना मोटारसायकलचं भय होतं, घाटातल्या वळणांचं तर विचारूच नका. म्हणून ते सकाळच्या पॅसेंजरने येत, आणि परतीची गाडी थेट दिवेलागणीला. मधे जाणार कुठे? त्यामुळे त्यांचा वर्ग पूर्ण वेळ भरायचा. आमच्या गावात शिकवणं झालं ते एका माणसाच्या घाबरटपणामुळे, असं माझे बाबा हसून म्हणत.

मी तेव्हा वर्गातली सगळ्यांत मागची मुलगी. नाव दुर्गा. "नाव दुर्गा अन् कोंबड्याले भेते," असं आमचा सगळा टोला, म्हणजे आमची वाडी, चिडवायचा. मला वाचता येत नव्हतं असं नाही. पण तिसरीच्या गुरुजींची छडी टेबलावर वाजली की पुस्तकातली अक्षरं मुंग्यांसारखी पळत सुटायची. तोंड उघडायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटे. वर्षभर मी एक ओळ मोठ्याने वाचली नव्हती, आणि माझं डोकं रिकामंच आहे हे घरीदारी ठरून गेलं होतं. मलाही ते पटलं होतं.

भेव गुरुजींनी पहिल्या आठवड्यात एकेकाला उभं करून विचारलं, "तुले कायचं भेव लागते?" मंगल्या छाती काढून म्हणाला, "कायचंच नाही." गुरुजी म्हणाले, "मंग तुले शिकवणं कठीण हाय." माझी पाळी आली. मी कशीबशी पुटपुटले, "वाचाचं." बाकीचे हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मला कधीही 'भिऊ नको' म्हटलं नाही. जगातली झाडून सगळी माणसं मला तेच सांगत आली होती, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. गुरुजी म्हणाले, "भेव लागते तं लागू दे. पण भेवानं माणूस डोये मिटते, ते वाईट. डोये उघडे ठेवून भे."

त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. ज्याला ज्या गोष्टीची भीती, तिची सगळी माहिती त्याने घरोघर विचारून आणायची. मग गुरुजी फळ्यावर मधोमध रेघ ओढत. एका बाजूला 'पायलेलं', दुसऱ्या बाजूला 'आयकलेलं'. मंगल्याने रेल्वेच्या बोगद्यातल्या भुताची भली मोठी हकीकत सांगितली. गुरुजींनी प्रत्येक वाक्यावर विचारलं, "तू पायलं का आयकलं?" त्याच्या बापानेही ऐकलेलं, आज्यानेही ऐकलेलं. ऐकलेल्याची बाजू खालपर्यंत भरली, पाहिलेल्याच्या बाजूला काहीच नाही. गुरुजींनी त्या कोऱ्या भागाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "भूत काई दिसत नाही इथं. तरी पण मले बोगद्याचं भेव लागतेच." आम्ही खदाखदा हसलो. वाचण्याबाबत माझी बाजू मात्र उलट निघाली. छडी मी पाहिलेली होती. गुरुजींनी ती माझ्यादेखत मोडून चुलीत घालायला शाळेच्या स्वयंपाकीणबाईंना दिली. दिवाळीनंतर मी पहिला धडा वाचला, हळू आवाजात, पण सगळा.

त्या वर्षांत आमच्या भागात आणखीही भयं होती. रात्री जंगलातून कुणी बंदूकवाला भाकर मागायला येई, दिवसा पोलीस त्याची चौकशी करायला येत. मोठी माणसं त्यावर बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू. पण पौषात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आमचा टोला शाळेच्या गावापासून पाऊण तासाच्या जंगलवाटेवर. बोरं पिकली होती. मंगल्याचा काका सकाळी लाकडांना गेला, आणि नाल्याकाठच्या बोरीखालून अस्वल त्याच्या अंगावर आलं. त्याला खाटेवर घालून स्टेशनावर नेताना मी दारातून पाहिलं. अर्धा चेहरा फडक्याखाली होता आणि फडकं लाल होतं. नंतर कितीतरी दिवस डोळे मिटले की मला ते फडकंच दिसायचं.

टोल्याच्या बैठकीत ठरलं, पोरांची शाळा बंद. सकाळी कामाला जाणाऱ्या माणसांसोबत पोरं जाऊ शकत होती, पण संध्याकाळी त्यांना आणणार कोण? सगळे आपापल्या कामात. "चार बुकं कमी शिकले तं मरत नाही, अस्वलानं धरलं तं मरते," मंगल्याचा आजा म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. मला अस्वलाचं भय होतंच, पण त्या दिवशी दुसरं भय त्याच्याही वर चढलं. शाळा सुटलेल्या मोठ्या पोरी बकऱ्यांमागे जात, आणि दोन वर्षांत त्यांना आपलं नावही लिहिता येईनासं होई. मला मोठ्याने वाचता येऊ लागून जेमतेम दोन महिने झाले होते. मी गोठ्यात जाऊन रडले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजी टोल्यावर आले. सोबत शाळेची दोन-चार मोठी पोरं, हातात पत्र्याचा डबा, डब्यावर बडवायला लाकूड. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. पाणी पिताना लोटा त्यांच्या दातांवर वाजत होता. त्यांनी टोल्यातल्या माणसांना जमवलं आणि फळा नसताना तोंडानेच रेघ ओढली. अस्वल गुदगुल्या करून मारतं, हे आयकलेलं. ते झाडावर चढत नाही, हेही आयकलेलं. पायलेलं एवढंच, जे काकाने खाटेवर नेताना सांगितलं, की तो वाऱ्याविरुद्ध, बिनआवाज, थेट त्याच्याजवळ जाऊन पोचला होता, आणि ते दचकलं होतं. "म्हणजे तेबी भेलं होतं," गुरुजी म्हणाले. "त्याले आधीच समजलं पायजे, की माणूस येऊन राहिला. मोठ्यानं बोंबलत जावं. पोट्ट्यायले मी आणून देत जाईन रोज."

बाबा म्हणाले, "अन् तुमी वापस कसे जासान, गुरुजी? आमी तुमाले स्टेशनपर्यंत सोडून देऊ."

"मले सोडाले तुमी आले, तं वापस येतानी तुमी एकटे. मंग तुमाले कोण सोडन? हिसाब जमत नाही, भाऊ."

शिकलेल्या माणसाचा हिशेब. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि शाळा सुरू झाली.

त्या वाटेवर मी पाढे शिकले. ओरडायला काहीतरी हवं, म्हणून गुरुजी पाढे ओरडायला लावत. पुढे ते, हातात डबा. मागे आम्ही सात पोरं, एकमेकांचे दप्तराचे पट्टे धरून. बाराच्या पाढ्याला नाला, पंधराच्या पाढ्याला मोहाचं मोठं झाड. वर्गात ज्या मुलीचा आवाज समोरच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता, ती जंगलात घसा फाटेस्तोवर बोंबलायची. भीती कमी झाली म्हणून नव्हे. गप्प राहण्याची भीती जास्त होती म्हणून. टोल्यावर पोचलो की आई चहा पुढे करायची. गुरुजी उभ्यानेच दोन घोट घेत, सूर्याकडे पाहत आणि "निघतो, गाडी चुकन" म्हणत वळत. आम्ही तोवर चुलीजवळ जाऊन बसलेले असू.

एक दिवस ते दिसलं. मोहाचं झाड मागे टाकून सतराचा पाढा सुरू होता. वळणावर, दहा-बारा हातांवर, वाटेच्या मधोमध अस्वल. मागच्या पायांवर उभं राहिलं तेव्हा त्याच्या पाठीला बिलगलेलं पिल्लू दिसलं. आमचा आवाज एका क्षणात बंद झाला. फक्त गुरुजींचा आवाज येत होता, बारीक, फाटलेला. डबा वाजत नव्हता, पण पाढा थांबला नव्हता. "सतरा साते एकशे एकोणतीस..."

"एकोणीस, गुरुजी!" मी किंचाळले. का, ते मला आजही सांगता यायचं नाही. तोवर भीतीने माझं तोंड बंदच केलेलं होतं; त्या दिवशी तिला ते जमलं नाही. माझ्यामागून मंगल्या ओरडला, मग सगळे, "सतरा आठे एकशे छत्तीस!" अस्वलाने नाक वर करून हवा हुंगली, चारी पायांवर आलं आणि पिल्लासकट झुडपात उतरलं. झुडपं हलायची थांबली तरी आम्ही सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत जाऊनच थांबलो.

गुरुजी वाटेतच बसले. त्यांची पँट ओली झाली होती. कुणीही हसलं नाही, आणि ती गोष्ट आम्ही सातही जणांनी कधी बाहेर बोलली नाही. आता लिहिते आहे, कारण त्यात त्यांचा कमीपणा आहे असं मला वाटत नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पायलं ना सगळ्यायनं? उद्या पायलेल्यात लिहजा."

त्या दिवशीही त्यांनी आम्हाला घरापर्यंत सोडलं. आता गुरुजी येत नाहीत, बदली करून घेतात, असं सगळा टोला म्हणत होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने ते उतरले. डोळे तांबडे. मंगल्याने तोंडावरच विचारलं, "गुरुजी, तुमाले भेव लागत नाही का आता?" ते म्हणाले, "कालच्यापेक्षा जास्त लागून राहिलं. पण घरी बसलो, तं अस्वल घरीच येऊन बसलं ना रे रातभर. त्यापरीस इथं बरं." उन्हाळ्याची सुटी लागेपर्यंत त्यांनी एक दिवस खाडा केला नाही. पुढच्या वर्षी खरंच त्यांची बदली झाली, दूर, मैदानातल्या गावी. निरोपाला ते काही बोलू शकले नाहीत. भाषणाचंही त्यांना भय होतं.

मी पुढे शिकले, गोंदियात होस्टेलला राहिले, शिक्षिका झाले. भित्री होते तशीच राहिले, पण डोळे मिटायची सवय गेली. दरवर्षी मुलांना मी अस्वलाची गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी ती सांगताना, एरवी कधी न बोलणारी एक मुलगी मागच्या रांगेतून हळूच म्हणाली, "मॅडम, पण सोडाले दोघं गेले असते तं? वापस येतानी दोघंच राहिले असते ना."

मी खडूने तो हिशेब फळ्यावर मांडला. इतकी वर्षं ही गोष्ट सांगत होते आणि तो हिशेब एकदाही तपासला नव्हता. दोघं गेले असते तर कुणीच एकटं राहिलं नसतं. टोल्यात माणसं होती. गणित चुकीचं होतं, आणि सतराचा पाढा घाबरून चुकणं वेगळं, हे वेगळं. त्या रविवारी मी कुडव्याला गेले.

गुरुजी थकले होते. अंगणात कुत्रं नको म्हणून फाटकाला खालपर्यंत जाळी ठोकलेली. मी चहा होईपर्यंतही थांबले नाही. विचारलं, "गुरुजी, दोघं आले असते तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसले. "लय दिवस लावले तू."

"मी नाही, माझ्या वर्गातल्या मुलीनं काढलं."

"मंग चांगलं शिकवून राहिली." मग जरा थांबून म्हणाले, "दोघं दोघं आले असते गं. चार दिवस आले असते. पाचव्या दिवशी म्हणले असते, रोजचा खोळंबा कायले? बसवा पोट्ट्यायले घरी. त्यायचंबी चूक नाही, कामं होते त्यायले. म्हणून म्हणलं, त्यायच्यावर काई नोको टाकू."

"म्हणजे तुम्ही रोज त्या वाटेने..."

"एकटाच. अंधार पडत जाये. लय भेव लागे, दुर्गा. आमच्या घरी आजवर सांगतलं नाही. रडत जाओ मी कधी कधी."

बाहेर अंधारू लागलं होतं. मी निघाले तशी ते चप्पल शोधू लागले. "चौकात कुत्रे हायेत," म्हणाले, "तिथपर्यंत येतो." मी नको म्हटलं, ऐकले नाहीत. गाडीवर बसायची त्यांची छाती नव्हती, म्हणून मी स्कूटी हाताने ढकलत चालले आणि ते माझ्या बाजूने, भिंतीला खेटून. चौक आला. कुत्री पानठेल्यामागे झोपलेली होती. "जा आता, हळू चालवजो," म्हणाले आणि वळले.

मी स्कूटी फिरवली, चालू केली आणि त्यांच्या वाटेवर उजेड धरून उभी राहिले. ते फाटकाच्या आत जाऊन कडी लावेपर्यंत मी तिथून हलले नाही.