नानांच्या कवळीचं माप

शुद्धलेखनाच्या चुका आधीच माफ करा. शाळा नववीत सुटली, भारी शब्द येत नाहीत. जळगावात दातांच्या दवाखान्यात मॅडमच्या हाताखाली मापाचा मसाला कालवतो. तोंडात मापाचा ट्रे असलेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून त्याचा किस्सा मलाच सांगावा लागतो. असे खूप साचलेत. त्यातले रावेरच्या नानांचे सांगतो.

नाना केळीवाले. गावातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं तेच म्हणणार. पण दात गेले आणि 'सावधान'च्या 'सा'ला नुसती हवा निघायला लागली! त्यात नातीचं लग्न तोंडावर. ती म्हणाली, "नाना म्हणणार नसतील तर मी बोहल्यावर चढणारच नाही."

मग नाना आले कवळी करायला.

*

पहिलं माप. ट्रे तोंडात, आणि फोन वाजला. केळीचा व्यापारी! नाना नुसतं "हूं" म्हणाले. एरवी अर्धा तास बोलणारा माणूस गप्प, म्हणून व्यापारी घाबरला.

"नाना, रुसू नका. ट्रक आजच पाठवतो!"

नानांनी ट्रे ओढून बाहेर काढला. "आता कसा बोलला भो!"

मसाला अजून घट्ट व्हायचा होता. निम्मा ट्रेमध्ये, निम्मा मिशीला!

*

दुसरं माप झकास आलं. हा मसाला सुकला की आकसतो, म्हणून ओल्या कापसात गुंडाळून डबा धुळ्याच्या बसमध्ये दिला. कवळ्या तिकडच्या लॅबमध्ये बनतात. लॅबवाल्या अरुणभाऊंचा फोन आला, "अरे, माप पाठवलं की पापड?"

कंडक्टरला विचारलं. तो खूश! "डबा गळत होता. पारोळ्याला उन्हात ठेवला. बठ्ठं कोरडं करी दिधं!"

*

तिसऱ्या वेळी कंडक्टरला नीट समजावलं, सुकू द्यायचं नाही. भला माणूस! त्याने पाण्याची अख्खी बाटली डब्यात ओतली. पाण्यात हा मसाला फुगतो.

अरुणभाऊंचा फोन. "हे नानांचं आहे की नानांच्या बैलाचं?"

*

लग्न आठवड्यावर आलं. मॅडमने रबराचा महाग मसाला काढला. तो सुकत नाही, फुगत नाही. फक्त माप घेताना ओठ-गाल जसे हलतील, तशी कवळीची कड बनते.

"नाना, आ करा. आता ऊ करा."

नानांनी ट्रे हाताने बाजूला केला. "आ-ऊ काय लहान पोरासारखं! मंगलाष्टकच म्हणतो ना."

आणि ट्रे तोंडात घेऊन अख्खं म्हटलं! मॅडम ट्रे धरून उभ्या. बाहेर बसलेले पेशंटही उभे राहिले.

*

लग्नाला मॅडमबरोबर मीही रावेरला गेलो. नात बोहल्यावर चढली. नानांचा 'सा' मांडवाबाहेर ऐकू गेला. कवळी जागची हलली नाही. मॅडमने डोळे पुसले.

मग पंगत बसली. वरण-बट्टी. नानांनी पहिला घास चावला आणि कवळी सुटली! पुन्हा चावला, पुन्हा सुटली. नाना जरा विचारात पडले. मग हळूच मंगलाष्टक गुणगुणले. कवळी बसली! तसंच गुणगुणत घास चावला. गेला!

मग काय, प्रत्येक घासाला मंगलाष्टक. चौथ्या बट्टीला शेजारचे भटजी हात जोडून म्हणाले, "नाना, लागलं हो लग्न!"

पण समोर बसलेल्या बोळक्या तोंडाच्या एक अक्का नानांकडे टक लावून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडला, तर अक्का पायरीवर बसलेल्या. "मले नानासारखीच कवळी पाहिजे."

मॅडम अजून यायच्या होत्या. मी अक्कांना खुर्चीत बसवलं, गळ्यात कापड बांधलं, आणि खाली मान घालून विचारलं, "अक्का, तुम्हाला कोणतं गाणं येतं?"