ती चरबी नव्हती

साहेबानं खिशातलं बॉलपेन काढलं आणि त्याच्या टोकानं माझी उजवी छाती खालून उचलली. मग पेन बाजूला घेतलं. छाती खाली पडली.

"युनिफॉर्मबरोबर याला आता ब्रा पण द्यायला लागेल," तो म्हणाला.

कंपनीची दवाखान्याची खोली होती. दार सताड उघडं. बाहेर व्हरांड्यात आमच्याच शिफ्टची माणसं रांगेत उभी, वर्षाच्या तपासणीसाठी. ती हसली. कंपाउंडर हसला. कंपनीचा डॉक्टर हसला नाही, पण मान खाली घालून बसला. साहेब म्हणजे प्रॉडक्शन मॅनेजर. त्याचं त्या खोलीत काही काम नव्हतं. जाता जाता डोकावला होता.

मी पण हसलो. दुसरं काही सुचलंच नाही. शर्ट घातला. एक बटण चुकीच्या काजात गेलं, तसाच बाहेर पडलो. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ वहिनी!"

त्या दिवसापासून कंपनीत माझं तेच नाव झालं.

मी पोलादपूरच्या वरच्या अंगाचा, डोंगरातल्या वाडीचा. भात, नाचणीवर भागत नाही म्हणून महाडच्या एमआयडीसीत लागलो. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. औषधाची कंपनी. घरच्यांना बरं वाटलं. रंगाच्या, ॲसिडच्या कंपनीत माणसं खोकून मरतात, औषधाच्या कंपनीत काय होणार? मलाही तसंच वाटलं.

ठेकेदाराच्या हाताखाली, ड्रायर खात्यात होतो. ओला माल ट्रेमध्ये पसरून सुकवायचा. वाळला की खरडून ड्रममध्ये भरायचा. पांढरी पावडर, पिठाहून बारीक. वास नाही, जळजळ नाही. घामावर बसायची, कानामागे बसायची. नाकाला बांधायला फडकं. हातमोजे फाटले आणि नवे मागितले, की स्टोअरवाला त्याच्या घरातलं भांडं मागितल्यासारखा बघायचा.

ड्रमवर नंबर असायचे. नाव नसायचं.

आधी नुसतं दुखायचं. बनियन घासलं तरी कळ यायची. मग बोंडाखाली सुपारीएवढं कडक काहीतरी हाताला लागलं. मग दोन्हीकडं. मग फुगत गेलं. सावित्रीच्या डोहात पोहायला जायचो, ते सोडलं. उन्हाळ्यात घरातसुद्धा शर्ट. रात्री सुमनचा, माझ्या बायकोचा, हात अंगावर आला की कूस बदलायचो. तिला वाटायचं, माझं बाहेर कुठं काहीतरी आहे. मी तेही वाटू दिलं. ते सोपं होतं.

बॉलपेनच्या त्या प्रकारानंतर थोड्या दिवसांनी वेल्फेअर ऑफिसरनं केबिनमध्ये बोलावलं.

"बस," म्हणाला.

खुर्ची! ठेकेदाराच्या माणसाला त्या केबिनमध्ये खुर्ची मिळाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. तिथूनच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"तुझं कळलं. वाईट वाटलं," तो म्हणाला. "मुंबईत आपल्या ओळखीचे डॉक्टर आहेत. लायपोसक्शन म्हणतात. बारीक नळी घालायची, चरबी ओढून घ्यायची. छाती सपाट, पोट सपाट. हिरोसारखा शेप येतो. सगळा खर्च कंपनीचा."

"माझ्यासाठी?"

"कामगार म्हणजे आमचं कुटुंबच. फक्त बाहेर बोलू नकोस. मग सगळेच मागत बसतील."

सगळेच? सगळे कशाला मागतील? सगळ्यांना छाती आलीय का?

हे मी विचारलं नाही. मनात ठेवलं. घरी गेलो आणि सुमनला एवढंच सांगितलं, की कंपनी माझ्या अंगावरच्या चरबीचं ऑपरेशन करणार आहे. ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "अहो, हातमोजे देत नाय ती माणसं. ऑपरेशन कशापायी देतायत?"

तिचं खरं होतं. पण लाज मोठी होती. 'वहिनी' ऐकून ऐकून जीव विटला होता. मी जायचं ठरवलं.

मुंबईला न्यायला कंपनीची जीप महाडच्या नाक्यावर आली. पुढं वेल्फेअर ऑफिसर. मागं एक माणूस आधीच बसलेला. हनीफभाई. महाडचेच, दुसऱ्या शिफ्टला, आमच्याच ड्रायर खात्यात. वयानं माझ्याहून मोठे. अंगानं काडी. गालफडं बसलेली, मनगटाची हाडं वर आलेली. मला वाटलं, हे सोबत म्हणून असतील.

माणगावला गाडी चहाला थांबली. ऑफिसर टपरीवर गेला. हनीफभाईंनी माझ्याकडं न बघता विचारलं, "तुझं पण?"

"काय?"

त्यांनी हाताची घडी घातली होती, ती जरा सैल केली. सदऱ्याखाली दिसलं.

"दोन्हीकडं," ते म्हणाले. "तुला कधीपासनं?"

मी सांगितलं. त्यांनीही सांगितलं. दुखणं तेच, सुपारी तीच, लपवणं तेच. एकाच खात्यात राबत होतो आणि एकमेकांना माहीत नव्हतं. ऑफिसर चहा घेऊन आला तसे गप्प झालो. पुढचा सगळा रस्ता मी हनीफभाईंच्या मनगटाकडं बघत होतो. या माणसाच्या अंगात चरबी कुठाय?

क्लिनिक म्हणजे काचेचं घर. गार हवा, गुळगुळीत अंगाच्या माणसांचे फोटो. डॉक्टरनं मला शर्ट काढून उभं केलं. ऑफिसर तिथंच खुर्चीत बसून राहिला. त्याला बाहेर जा असं कुणी म्हटलं नाही. डॉक्टरनं जाड मार्कर घेतला आणि छातीवर गोल काढले, पोटावर काढले, कमरेच्या वळ्यांवर काढले. बोलणं दोघांचं इंग्रजीत. मधेच मला म्हणाला, "पोट पण घेऊ. एकाच भुलीत होऊन जाईल."

पोटाचं मी कधी बोललो होतो?

"डॉक्टरसाहेब, आत कडक लागतंय. ते पण निघेल?"

"सगळं निघेल."

"हात लावून बघा ना."

"अरे, चरबीच आहे. वडे कमी खा."

"मग हनीफभाई? त्यांच्या बरगड्या दिसतात. त्यांना कुठली चरबी?"

डॉक्टरनं ऑफिसरकडं बघितलं. माझ्याकडं नाही. ते बघणं मी बघितलं.

"ऑपरेशन करून परत त्याच खात्यात कामाला गेलो तर? परत येईल?"

"तुला ऑपरेशन करायचंय का भाषण?" ऑफिसर म्हणाला.

डॉक्टरनं मार्करला टोपण लावलं. उत्तर दिलं नाही. ज्या माणसाला नळी माझ्या अंगात घालायची होती, त्याला एका साध्या प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं, किंवा द्यायचं नव्हतं. दोन्ही सारखंच. मी शर्ट उचलला.

"नाय करायचं मला."

"काय?"

"नाय करायचं."

ऑफिसर उठून उभा राहिला. "कुणाच्या जिवावर आलायस इथं?"

"तुमच्या जीपनं आलो. एसटीनं जाईन."

बाहेर हनीफभाई बाकावर बसले होते. म्हटलं, "चला हनीफभाई. ही माणसं खोटं बोलतायत."

ते हलले नाहीत. "मला नाय जमणार रे. भावानं कुवेतचा व्हिसा काढलाय. मेडिकलला शर्ट काढायला लावतात."

मी एकटाच निघालो.

घरी पोचलो आणि सुमनसमोर शर्ट काढला. कितीतरी महिन्यांनी. अंगभर काळे गोल. ती बघत राहिली. मग पदर ओला करून एक गोल पुसायला लागली. पुसता पुसता हाताला ती गाठ लागली.

"दुखतं?"

"हो."

"आणि तुम्ही हे माझ्यापासनं लपवलंत?" ती रडली नाही, चिडली. "मला वाटलं मीच नकोशी झालेय." मग हात काढून घेतला आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "माझं पण बिघडलंय. पाळी धड येत नाय. आली की थांबत नाय. मी पण बोलले नाय."

एका खोलीत राहणारी आम्ही दोन माणसं. दोघंही आपापलं अंग लपवून बसलेली.

हनीफभाईंचं ऑपरेशन झालं. बरेच दिवस आवळून धरणारं जाकीट घालून होते. अंग काळंनिळं. सूज उतरली तेव्हा महाडच्या स्टँडमागं नेऊन त्यांनी मला दाखवलं. आजूबाजूची होती नव्हती ती चरबी ओढल्यानं कातडी खळग्यासारखी आत गेलेली आणि मधोमध ती गाठ तशीच. आता जास्तच उठून दिसणारी. कातडीला स्पर्श कळत नव्हता. कुवेतचं मेडिकल पास झालं नाही ते नाहीच.

"तू सुटलास," ते म्हणाले.

"सुटलो कुठं? माझी पण हाय की तशीच."

मग मी, सुमन आणि हनीफभाई, आम्ही तिघं महाडमधल्याच एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी आधी दार लावलं. मग बोटांनी दाबून दाबून तपासलं, मला आणि हनीफभाईंना. काखेत बघितलं, वृषण तपासले, कसली औषधं घेता विचारलं, दारूचं विचारलं. इतकं कुणी विचारलंच नव्हतं.

"ही चरबी नाही," त्या म्हणाल्या. "ही स्तनाची ग्रंथी आहे. पुरुषालाही असते, बारीक. काही कारणानं वाढते. नळीनं चरबी निघते, ही कडक ग्रंथी बहुतेक वेळा तशीच राहते. ती कापून काढावी लागते. आणि कारण शोधल्याशिवाय काढली तर परत वाढू शकते."

"मग ते नळीचं मशीन खोटं?" हनीफभाईंनी विचारलं.

"मशीन खोटं नाही. ज्याला कातडीखाली हट्टी चरबी आहे, वजन स्थिर आहे, तब्येत धड आहे, त्याला शेपसाठी उपयोग होतो. वजन उतरवायला नाही, पोटाच्या आतल्या चरबीला नाही, सैल कातडीला नाही. आणि ऑपरेशन ते ऑपरेशनच. रक्तस्राव होतो, गुठळी होते, कातडी खालीवर होते, भुलीचा धोका असतो. हे सगळं आधी सांगायला हवं. कोण करणार, भूल कोण देणार, बिघडलं तर कुठं नेणार, हे तुम्ही विचारायला हवं. आणि हो म्हणणारा माणूस स्वतः पाहिजे. त्याचा साहेब नव्हे."

मग त्यांनी कामाचं विचारलं. पावडर, फडकं, घाम, सगळं मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

"कामाचे कपडे घरी कोण धुतं?"

"मी," सुमन म्हणाली.

"हातानं?"

"हातानंच. पाणी पांढरं निघतं."

बाईंनी तिच्याकडं बघितलं. "तुम्हाला काही त्रास?"

सुमननं माझ्याकडं बघितलं. आणि सांगितलं.

मी माझी छाती लपवत बसलो होतो आणि शर्टातून ते घरी नेत होतो. तिच्या हातात. बादलीत.

"तपासणीशिवाय मी नक्की म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "पण संशय घ्यायला जागा आहे. काही कंपन्यांत बायकांच्या हार्मोनची औषधं बनतात. त्या ड्रममध्ये काय असतं?"

"नंबर असतो."

"नाव विचारून या. तो तुमचा हक्क आहे."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना मी ड्रायर खात्याच्या दारात उभा राहिलो. आत गेलो नाही. प्रॉडक्शन मॅनेजर आला.

"साहेब, ड्रममध्ये काय हाय?"

"तुला काय करायचंय?"

"मी त्याच्यात हात घालतो. नाव पाहिजे."

तो माझ्या पाठीमागं उभ्या माणसांकडं बघून म्हणाला, "आज वहिनींना प्रश्न पडलाय."

हसले. सगळे नाही, पण हसले. मी वळलो.

"हसा. हसून झालं की आपापली छाती दाबून बघा. बोंडाखाली. कडक लागलं तर मला सांगू नका, यांना विचारा."

गर्दीतून हनीफभाई पुढं आले. सदऱ्याची बटणं काढली आणि दोन्ही हातांनी सदरा उघडून उभे राहिले. खळगे, डाग, मधली गाठ. दिवसाउजेडी. पाच वेळा नमाज पढणारा, कधी कुणावर आवाज न चढवणारा माणूस.

हसणं थांबलं. मागच्या एकाचा हात हळूच स्वतःच्या छातीकडं गेला. मी बघितलं. साहेबानंही बघितलं. त्याच्या तोंडावरचा रंग तेव्हा उतरला.

त्यानं सिक्युरिटीला बोलावलं. संध्याकाळी ठेकेदाराचा निरोप आला, उद्यापासून येऊ नका. दोघांनीही.

सुमनचं ते पाणी हातात घेणं बंद झालं आणि काही महिन्यांनी तिची पाळी रुळावर आली. माझं दुखणं कमी झालं. गाठ गेली नाही. बाई म्हणाल्या, फार दिवस झाले, आता आपणहून जाणार नाही. रक्त तपासलं, त्यांचा संशय वाढला, कमी झाला नाही. पण कंपनीनं नाव सांगितलेलं नाही. म्हणे धंद्याचं गुपित आहे. कारखाना निरीक्षकाकडं तक्रार दिली आहे, चौकशी चालू आहे. ड्रायर खात्यात आता लांबच्या मुलखातून माणसं आणलीत. त्यांना आमची भाषा येत नाही.

मी आता मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. गाठ काढून घ्यायची की नाही, ते मी ठरवीन. डॉक्टर मी निवडीन, प्रश्न मी विचारीन, आणि उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांत बघीन. कुणी फुकट शेप देतो म्हणाला, तर आधी विचारीन, तुला तुझं काय झाकायचंय?

सुट्टीच्या दिवशी मी एमआयडीसीच्या फाट्यावर उभा राहतो. हनीफभाई पण येतात. ड्रायर खात्याची नवी माणसं बसमधून उतरतात. हिंदी मला मोडकी येते, हनीफभाईंना बरी येते. आम्ही त्यांना सांगतो. कपडे घरी नेऊ नका. ड्रमचं नाव विचारा. सिक्युरिटी आम्हाला हाकलते. आम्ही रस्ता ओलांडून पलीकडं उभे राहतो. रस्ता कंपनीचा नाही.

निरीक्षकाकडच्या पुढच्या सुनावणीला सुमन येणार आहे. मी म्हटलं, तुझं मी सांगतो, चार पुरुषांसमोर तू कशाला? ती म्हणाली, "माझ्या अंगाचं आहे. मी सांगणार."