बुटक्यांचा घण कोण मारतं?

बाळापूरच्या किल्ल्याच्या अलीकडे, रस्ता उताराला लागतो तिथे अब्दुल गफ्फार लोहारांची भट्टी आहे. भट्टी त्यांची, ऐरण त्यांची, पाटीवर नावही त्यांचंच. घण मात्र त्यांच्या बायकोचा, बिस्मिल्लाबीचा.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गफ्फारांचा घणकरी सुरतेला निघून गेला. त्या सकाळी गफ्फार सांडशीत लालबुंद लोखंड धरून इकडेतिकडे बघत उभे होते. बिस्मिल्लाबी चहा द्यायला आली होती. तिने कप खाली ठेवला आणि घण उचलला. पहिलाच घाव चुकून ऐरणीच्या ठोकळ्यावर बसला आणि दांडा मोडला. गफ्फारांनी नवा दांडा बसवून दिला. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. अर्ध्या तालुक्याच्या वखरांच्या पासा, म्हणजे माती कापणारी लोखंडी पाती, तिच्या घणाखालून गेल्या आहेत.

शनिवारी दुपारी अडीचच्या सुमारास किसनराव भाजीवाल्यांची गीतांजली अकोल्याहून आली. पोरगी कॉम्प्युटर शिकलेली. घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी मोबाइलवरचे खेळ बनवायची. पंधरा दिवसांपूर्वीही ती आली होती आणि ऐरणीजवळ फोन धरून नुसते आवाज भरून घेऊन गेली होती.

"चाची, माझे बुटके परत आले," ती बसता बसता म्हणाली.

"कोन बुटके वं?"

गीतांजलीने समजावून सांगितलं. खेळात एक डोंगर आहे. त्याच्या पोटात बुटक्या लोकांचं राज्य. उंची चार फूट, दंड मांडीएवढे, दाढी कमरेपर्यंत. लोखंडाचं काम त्यांच्यासारखं दुसऱ्या कोणाला जमत नाही. स्वभावाने हट्टी, बोलायला कमी, आणि कोणी अपमान केला तर सात पिढ्या लक्षात ठेवणारे.

"हे तं यायचंच सांगून राहिली," बिस्मिल्लाबीने नवऱ्याकडे बोट दाखवलं. "बसस्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं यायची कुऱ्हाड हलकी हाये म्हटलं होतं. नऊ वर्षं झाले, तिथचा चहा पेले नाई."

"हलकी नोती ती," गफ्फार भट्टीकडे बघतच म्हणाले. "आन दाढीचं काय म्हणलं तू? कमरेपर्यंत? येका दिवसात जळन. तुया बुटक्यायनं भट्टी पाह्यली हाये का कधी?"

"आन डोंगराच्या आत भट्टी, तं धूर कुठून जाते?" बिस्मिल्लाबीने विचारलं. "सैपाक कोन करते? तुया राज्यात येक बी बाई नाई का?"

गीतांजलीने कपाळाला हात लावला. पुण्याच्या कंपनीतल्या अश्विन साहेबांनीही बुटके परत पाठवताना असंच विचारलं होतं. असे बुटके जगात सगळीकडे आहेत, तुझे कुठले? आज पाचपर्यंत नीट करून पाठव, नाहीतर हे काम दुसऱ्याला देतो. गीतांजलीचं हे पहिलंच स्वतःचं काम होतं. बापाला तिने अजून सांगितलंही नव्हतं.

"निदान लढाई तरी बघा," म्हणत तिने फोन पुढे केला.

पडद्यावर बुटक्यांचा राजा ऐरणीपाशी उभा होता. समोर हजारभर बुटके कुऱ्हाडी घेऊन तयार. राजाने हातोडी उचलून ऐरणीच्या कडेवर अलगद वाजवली. टिंग. तो आवाज ऐकताच अख्खं सैन्य आरडाओरडा करत शत्रूवर तुटून पडलं.

बिस्मिल्लाबी हसायला लागली. हसता हसता पदर तोंडाला लावून कोळशाच्या पोत्यावर बसली. गफ्फारांच्या मिशाही हलल्या.

"काय झालं?"

"अवं, हा आवाज यायच्याच हातोडीचा हाये. तू इथूनच नेला," ती डोळे पुसत म्हणाली. "टिंग म्हंजे थांब. हे टिंग करतात तवा मी घण खाली ठेवतो. तुया राजानं थांब म्हटलं आन सारे पयत सुटले."

गीतांजलीचा चेहरा उतरला. सगळ्या आवाजांत तोच स्वच्छ आला होता, म्हणून तिने तो निवडला होता. घड्याळात साडेतीन होऊन गेले होते.

"मग 'चला' म्हणायला कुठला आवाज?"

"सांगून नाई समजत. फोन चालू कर," बिस्मिल्लाबी उठली आणि तिने पदर खोचला.

गफ्फारांनी लाल झालेली पास ऐरणीवर ठेवली. त्यांची छोटी हातोडी पडली, टक. त्याच जागी तिचा घण पडला, धम्म. हातोडी बोटभर सरकली की घणही बोटभर सरकायचा. मध्येच हातोडी दोनदा वाजली, तशी बिस्मिल्लाबीचे घाव हलके झाले. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. आणि मग कडेवर टिंग. घण जमिनीवर टेकला.

"घनाच्या आवाजात बोललेलं आयकू येते का?" ती दम खात म्हणाली. "म्हनून कामात बोलाचं नाई. तुये बुटके कमी बोलतात ते याच्यानं. रागीट हायेत म्हनून नाई."

गीतांजली तिथेच पोत्यावर बसून लिहू लागली. बुटके हातोडीने बोलतात. राजा हातोडी धरतो, राणी घण धरते. राजा जागा दाखवतो, राणी लोखंड वाकवते. दाढी वीतभर. धुराला डोंगराच्या माथ्यावर भोक. पावणेपाचला तिने सगळं नव्या आवाजासकट पाठवून दिलं आणि नखं खात बसली.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन आला. तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"हे कुठून आणलंस?" अश्विन साहेबांचा आवाज. "एक सांग, राजाने थांब म्हटलं आणि राणी थांबली नाही, तर?"

गीतांजलीने गफ्फारांकडे पाहिलं.

"तं पास पातय होते, कागदावानी," गफ्फार म्हणाले. "वाया जाते."

"आन राजानं 'थांब' म्हनायले उशीर केला तं?" बिस्मिल्लाबी म्हणाली. "तवा बी वाया जाते. मंग राजा म्हंते, राणीनं जोरात मारलं."

पलीकडून अश्विन साहेब म्हणाले, "ह्यावरच पहिली लढाई हरू दे त्यांना. काम तुझंच. सोमवारपासून सुरू कर."

गीतांजलीने आधी घरी फोन लावला. किसनरावांना बुटके म्हणजे काय हे समजावताना तिला तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ऐरणीवरची मघाची पास केव्हाच गार झाली होती. बिस्मिल्लाबीने ती सांडशीने उचलून पुन्हा कोळशात खुपसली आणि भट्टीच्या पंख्याचं बटण दाबलं.