अंगाररावाला खाली सोडून

चहा पाजा आधी. कारण हा घोटाळा ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा घरी बोलवाल की नाही, याची मला खात्री नाही!

पहिल्यांदा कबूल करून टाकतो. मी भित्रा आहे. साधासुधा नाही, जातिवंत! झुरळ उडालं की मी खोली सोडतो. पाल भिंतीवर असली तर तिथे मी जेवत नाही. आणि अशा माणसाने काटोलला मुलगी बघायला जाऊन काय सांगून यावं?

मुलगी म्हणजे कुसुम. तिच्या वडिलांची, बापूसाहेबांची, संत्र्याची बाग. मला ती बघताक्षणी आवडली. इतकी की पोह्यांची बशी हातातच राहिली. तिने मला एवढंच विचारलं, "आमच्या बागेत जनावर निघते. भेव तं नाही न वाटत?"

आता जनावर म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. सापाला साप म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं. मलाही माहीत होतं की! तरी मी म्हणालो, "छे! जनावराला काय भ्यायचं?"

बापूसाहेब खूश झाले. "रविवारी संध्याकाळी नागपूरले येतो. तुमची खोली पाहतो, अन् पक्कं करून टाकू."

मी तेव्हा धरमपेठेत अण्णाजींकडे भाड्याने राहत होतो. ऐंशी-ब्याऐंशीचा सुमार असेल. माझा मित्र शेखर अमेरिकेतून सुट्टीवर आला होता आणि येताना एक अजब खेळ घेऊन आला होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. नुसते चित्रविचित्र फासे आणि थापा! प्रत्येकाने एकेक वीर व्हायचं आणि राक्षसाच्या गुहेत शिरायचं. वीराची ताकद, अक्कल, हिंमत, सगळं फासे ठरवणार. माझ्या हिमतीसाठी तीन फासे टाकले. तिन्हींवर एक!

शेखर फाशांकडे बघतच राहिला. "वसंता, फाशाले बी समजते गा! तुले एक सोबती घ्या लागते. नाही तं गुहेच्या दारातच मरशील."

"कसला सोबती?"

"ड्रॅगन घे."

ड्रॅगन म्हणजे चिनी बरणीवर असतो ना, तो. फक्त हा पंख असलेला, आग ओकणारा. आणि काय सांगू, मी तो जीव ओतून बनवला हो! जे जे माझ्यात नव्हतं ते ते सगळं त्याच्यात घातलं. कुणाला भ्यायचा नाही, मागे वळायचा नाही, मला कधी एकटं सोडायचा नाही. नाव ठेवलं अंगारराव. राव अशासाठी की मला स्वतःलाच त्याचा धाक वाटत होता.

रविवार उजाडला. पाहुण्यांना वेळ होता, म्हणून दुपारी माझ्या खोलीत आम्ही खेळायला बसलो. शेखरने आवाज चढवला, "राक्षस समोर पलंगावर बसला हाये! तुझा सोबती कुठं हाये?"

मीही जोरात म्हणालो, "जनावर पलंगाखाली झोपून राहिलं! दहा फुटाचं हाये! अंड्यातून काढून वाढवलं मी त्याले. अंगारराव नाव हाये त्याचं. आत्ताच दोन कोंबड्या गिळल्या त्यानं!"

दाराबाहेर काहीतरी खळकन पडलं. "मांजर असेल," शेखर म्हणाला. आम्ही डाव मोडला आणि पाहुण्यांसाठी कचोऱ्या आणायला चौकात गेलो.

मांजर नव्हतं. अण्णाजींच्या पत्नी, काकू, आमच्यासाठी चिवडा घेऊन आल्या होत्या.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं! शेखर पानठेल्यावर रेंगाळला आणि मी एकटाच कचोऱ्यांचा पुडा घेऊन परतलो. बघतो तर अंगणात अर्धी गल्ली जमलेली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात धुणं बडवायचं धोपाटणं.

"थांब गा वसंता!" अण्णाजी ओरडले. "आत जाऊ नोको. तुह्या खोलीत जनावर हाये!"

"मा... माझ्या खोलीत?"

"पलंगाखाली. दहा फुटाचं."

"अंडे बी हायेत म्हंते," मागून कुणीतरी म्हणालं.

"दोन कोंबड्या गिळल्या त्यानं! लेकराबाळाले उचलून न्याचं एखादवेळी."

अहो, त्याच पलंगावर मी रोज झोपत होतो! आणि भ्यालेल्या माणसाला काय काय आठवायला लागतं! मी म्हणालो, "बरोबर आहे अण्णाजी. सकाळी सळसळ ऐकली होती मी. शेपटीसुद्धा दिसली होती. काळीकुट्ट, हातभर!"

ऐकलंत? शेपटीसुद्धा दिसली होती! माझ्या या साक्षीनंतर काकू तर रडायलाच लागल्या. तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं, "निघालं! निघालं!"

निघाली होती घूस. पण ते मला नंतर कळलं. तोवर मी अंगणातल्या जांबाच्या झाडावर होतो. जांब म्हणजे तुमचा पेरू. कसा चढलो ते विचारू नका. कचोऱ्यांसकट चढलो.

आणि फाटकाशी ऑटो थांबला. बापूसाहेब उतरले, मागोमाग कुसुम.

"मुलगा कुठं हाये?" बापूसाहेबांनी विचारलं.

अण्णाजींनी काठी वर केली.

बापूसाहेबांनी मान वर करून मला पाहिलं. मी एका हाताने फांदी आणि एका हाताने पुडा धरला होता, त्यामुळे नमस्कारसुद्धा करता येईना. "या, बसा," मी वरूनच म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मला एकच दिसत होतं. कुसुम गेली हातची!

कुसुमने सगळं ऐकून घेतलं. पदर खोचला, अण्णाजींच्या हातची काठी घेतली आणि सरळ माझ्या खोलीत शिरली. आतून पलंग सरकल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले, खोटं कशाला सांगू! थोड्या वेळाने ती बाहेर आली.

"काही नाही आत. एक चप्पल हाये फकत. काकू, तुम्ही पाह्यलं का जनावर?"

"मी नाही पाह्यलं वं माय," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "हा वसंताच सांगून राहिला होता आतमधी. अंड्यातून वाढवलं म्हंते त्यानं. नाव बी ठेवलं हाये. अंगारराव!"

सगळ्यांनी हळूहळू माना वर केल्या. आणि तेव्हा कुठे, त्या फांदीवर, माझ्या डोक्यात उजेड पडला.

शेखर पान चघळत आला तो नेमका याच वेळी. त्याने सगळ्या गल्लीला खेळ समजावून सांगितला. फासे दाखवले, ड्रॅगन सांगितला, माझी हिंमतसुद्धा सांगितली. नालायक!

बापूसाहेबांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे जनावर खोटं?"

"हो," शेखर म्हणाला.

"अन् त्याले बनवलं कोणं?"

"यानंच."

"अन् भेलं कोण?"

मी कचोऱ्यांकडे बघत बसलो. वाटलं, आता या झाडावरच घर करावं.

मग कुसुम झाडाखाली आली. हसत नव्हती, हे जास्त भयंकर होतं. "मले एकच सांगा," ती म्हणाली. "तो तुमचा सोबती न? मंग तुम्ही झाडावर चढले, अन् अंगाररावाले खाली काहून सोडलं?"

मी नुसता कचोऱ्यांचा पुडा खाली दिला.

आठवड्याने काटोलहून निरोप आला. होकार! माझा विश्वासच बसेना. कुसुम वडिलांना म्हणाली होती म्हणे, "माणूस भित्रा हाये बाबा, पण सोबती चांगला निवडते."

लग्नाला आता पुष्कळ वर्षं झाली. अजूनही घरात पाल निघाली की कुसुम आधी झाडू उचलते आणि मग माझ्याकडे वळते. "तुम्ही व्हा बाहेर," म्हणते. "मी अन् अंगारराव पाहून घेतो."

आणि मी? मी बाहेर पडतो. दार लावून घेतो. बाहेरून.