आक्काच्या पोटात गॅस नव्हता

मैत्रिणींनो, आज दुपारी थोरल्या बहिणीला, आक्काला, घेऊन कराडच्या दवाखान्यातून परतले. तिला अंडाशयाचा कॅन्सर आहे आणि तो पोटभर पसरलाय.

आक्का तासगावात बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जाते. सहा महिने तिचं पोट फुगायचं, दोन घासांत भरायचं, लघवीला सारखं जावं लागायचं. ती गॅसच्या गोळ्या घ्यायची. दिवाळीत मीच हसून म्हणाले होते, "आक्का, सुटलीस की गं."

डॉक्टर म्हणाले, "त्रास कमी करू. बरं होण्याची आशा मी देऊ शकत नाही."

एसटीत आक्का म्हणाली, "घरी गॅसच हाय म्हणून सांग."

"आणि लेकीला?"

"तिला खरं सांग. तिनं तरी दुखणं अंगावर काढाय नगं."

तुमच्या घरातली कुणी आठवडेच्या आठवडे पोट फुगल्याचं सांगत असेल, तर तिला डॉक्टरकडे न्या, सोनोग्राफीचं विचारा. मी नेलं नाही.

भाची मघापासून दोनदा फोन करतेय. मी उचललेला नाही. तुम्ही असता तर पहिलं वाक्य काय बोलला असता?