व्यासपीठाखाली गेलेले अर्धे मैदान

सेलूच्या आपल्या शाळेत शिकलेल्या माझ्या बहिणींनो, आपली सगळ्यांची एक तक्रार आहे आणि ती आपण कधी मोठ्याने केलेली नाही. मैदान झाडायला मुली, पाणी मारायला मुली, पाहुणे येणार म्हणून रांगोळी काढायला मुली, आणि मैदान लख्ख झाले की, "चला, बाजूला व्हा, पोरांना खेळू द्या." हे ऐकत ऐकत आपण दहावी झालो. बाजूला न झालेली एकच मुलगी मी तिथे पाहिली. त्या सुभद्राताई मुरकुटे यंदा साठ वर्षांच्या झाल्या. हा ग्रंथ त्यांच्या गौरवाचा आहे. माझा लेख मात्र कबुलीचा आहे; त्यातून गौरव झाला तर आनंदच आहे.

ताईंना मी प्रथम पाहिले ते आठवीच्या वर्गात. आईवडील ऊसतोडीला जात, म्हणून राणीसावरगावहून त्या सेलूला मावशीकडे शिकायला आल्या होत्या. दारातून आत येताना त्यांनी मान वाकवली, तशी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "अगं बाई, ही शिडी कुणाच्या माडीला लावायची?"

वर्ग हसला. ताई शांतपणे म्हणाल्या, "तुझ्याच माळ्याला लाव की. वर काई हाय का ते बघून सांगते."

ती मागच्या बाकावरची मुलगी मी होते. त्या दिवशी मी सरकून त्यांना जागा दिली. पुढची तीन वर्षे आम्ही एका बाकावर बसलो.

आमच्या पी.टी.च्या सरांनी बास्केटबॉलचे मैदान आखले, तेव्हा दोन्ही टोकांच्या लोखंडी रिंगा कापसाच्या एका जिनिंगमधल्या मिस्त्रीने करून दिल्या. त्याने माप आतून धरायचे ते बाहेरून धरले आणि रिंगा दोन बोटे लहान झाल्या. कुणाच्या ते लक्षात आले नाही. ताई त्या लहान रिंगेत चेंडू टाकायला शिकल्या. विभागाच्या स्पर्धेला आम्ही गेलो, तेव्हा तिथली रिंग बघून त्या सरांना म्हणाल्या, "सर, ह्याच्यातून तर घागर बी जाईल ओ!" त्या सामन्यात त्यांचे नेम चुकलेले मला आठवत नाहीत. मी राखीव खेळाडूंच्या बाकावर होते. ओरडण्याचे काम माझ्याकडे होते, आणि पुढे आयुष्यभर मी तेच केले.

बास्केटबॉलवर पोट भरता येते, हे त्या काळी आमच्याकडे कुणाला सांगून खरे वाटले नसते. ताईंनी ते करून दाखवले. एका सरकारी खात्याच्या संघाने त्यांना नोकरी देऊन घेतले. सकाळी सराव, दुपारी फायली, संध्याकाळी पुन्हा सराव. राज्याकडून खेळल्या, देशाच्या संघाच्या शिबिरापर्यंत गेल्या. गुडघ्याला पट्टी बांधून सामने जिंकले. आणि त्यांना संघाचे कर्णधारपद मिळणार असे ठरत आले होते, त्याच वर्षी आम्ही त्यांचा सत्कार केला.

तो सत्कार हे माझ्या आयुष्यातले मोठे दुःख आहे.

सत्कार समितीत मी होते. शाळेत मराठी शिकवणारी, गावात बोलणारी बाई म्हणून ओळखली जाणारी. मांडव घालून तात्पुरते व्यासपीठ करावे, असे कुणीतरी सुचवले. मीच उठून म्हणाले, "अशा खेळाडूचा मान लाकडी फळ्यांवर करायचा? पक्के बांधा. कायमची आठवण राहील." टाळ्या पडल्या. जागा कोणती, तर सावली दुपारी लवकर येते ती पश्चिमेची. रिंगेचा खांब मध्ये येत होता, तो कापला. बास्केटबॉल खेळणाऱ्या बाईच्या सत्कारासाठी आम्ही बास्केटबॉलचे अर्धे मैदान बुजवले आणि कुणाला त्यात काही वावगे दिसले नाही. मलाही नाही.

त्या सिमेंटच्या ओट्यावर पहिले भाषण माझे झाले. मी म्हणाले, "ताई, परत या. आमच्या मुली तुमच्या ओटीत घालते." वाचलेल्या पुस्तकांतली सगळी वाक्ये मी त्या दिवशी खर्च केली. लोक रडले. ताई रडल्या नाहीत. त्या ओट्याखालच्या मातीकडे बघत होत्या. पण सहा महिन्यांनी हाताशी आलेले कर्णधारपद सोडून, नोकरी सोडून, त्या शाळेत पी.टी.च्या बाई म्हणून रुजू झाल्या. पहिल्या दिवशी मी ओशाळून म्हणाले, "ताई, एकच रिंग राहिली." त्या म्हणाल्या, "एक हाय ना? मग झालं."

झाले नाही. पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी अर्ध्या मैदानावर मुली घडवल्या. नेम असा, की बाहेरगावचे प्रशिक्षक बघत राहत. पण चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला की आमच्या मुली आहेत तिथेच थांबत. उलट फिरून दुसऱ्या टोकाला धावायचे असते, हे डोक्याला माहीत होते; पायांना माहीत नव्हते. ताई त्यांना रस्त्यावर पळवत, बाजार समितीच्या आवारात सुटीच्या दिवशी पळवत. पण पळणे वेगळे आणि चेंडू मागे वळताना बघून पळणे वेगळे. विभागाच्या अंतिम सामन्यात हरून आल्यावर रेहाना नावाची मुलगी, ताईंच्या हाताखालची सगळ्यात गुणी खेळाडू, त्यांच्या गळ्यात पडून म्हणाली, "मॅडम, ग्राउंड लय लांब होतं ओ." मी शेजारी उभी होते. आजवर माझ्या कुठल्याही भाषणाला असे उत्तर मिळालेले नाही.

या माणसाचा चांगुलपणा किती सांगावा! एका वर्षी ऊसतोडीची गाडी दारात उभी असताना संघातल्या मुलीची आई शाळेत आली. म्हणाली, "बाई, हिला न्यावं लागतंय. बारकीला कोण सांभाळील?" ताई म्हणाल्या, "मग बारकीला बी ठेवा हितंच." ती दीड वर्षाची पोर पाच महिने ताईंच्या घरी वाढली. सरावाच्या वेळी ताईंच्या एका काखेत चेंडू आणि दुसऱ्या कडेवर ती. आई परतली तेव्हा पोर तिच्याकडे जाईना, तर ताईच खजील झाल्या.

निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, तरी त्या रोज सकाळी सहाला मैदानावर असतात. आता रेहानाची मुलगी आठवीत आहे. तिच्या हाताला आईचा नेम आहे आणि पायांना आईचीच खोड लागायलीय. ही दुसरी पिढी त्या ओट्यापाशी थांबते आहे.

आणि साठीचा सत्कार कुठे, तर त्याच ओट्यावर. मुख्य वक्ता कोण, तर मीच. निमंत्रण द्यायला मी ताईंकडे गेले. त्या हसल्या.

"सरू, त्या ओट्यावर चढले की मला पाय कुठं ठेवावा कळत न्हाई बघ. बरोबर खाली फ्री थ्रोची रेघ हाय."

मी विचारले, "इतकी वर्षे एकदाही बोलला का नाहीत?"

"बोलायचं खातं तुझं होतं की गं," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

तिथून उठले ती थेट संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. ओटा पाडायची परवानगी मागितली. ते म्हणाले, "बाई, मग भाषण कुठं करणार तुमी?" मी म्हणाले, "करणार नाही." त्यांनी लगेच कागद पुढे ओढून सही केली.

सुभद्राताईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचा गुडघा धड राहो, त्यांच्या शिट्टीचा आवाज आमच्या नातींपर्यंत पोहोचो. गेलेली वर्षे मी त्यांना देऊ शकत नाही. कर्णधारपद देऊ शकत नाही. रेघ तेवढी मोकळी करता येईल.

म्हणून बहिणींनो, हा ग्रंथ तुमच्या हाती सत्काराच्या आठवडाभर आधी पडेल. त्या दिवशी शाल, नारळ, हार काही आणू नका. सकाळी सात वाजता पहार, टिकाव, घमेले, जे घरात असेल ते घेऊन शाळेच्या मैदानावर या आणि तो ओटा फोडा. पहिला घाव माझा असेल.